यंत्र बदलते, सेवा सलग राहते काय?



व्याख्यानमालेत इतिहासाचे एखादे तरी पुष्प असते, आणि ते बहुधा गडांवर, लढायांवर किंवा संतांवर असते. यंदा ते काम चालकांनी आमच्याकडे सोपविले, तेव्हा आम्ही त्यांना आधीच सांगून टाकले की, आम्ही कामगार संघटनेची माणसे. आमचा रोजचा संबंध येतो तो यंत्रांच्या आणि यंत्रे चालविणाऱ्या हातांच्या इतिहासाशी. शाळेतले आमचे शिक्षण दहावीला थांबले. पुढचे झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या वेळी, जुनी पुस्तके आणि खटल्यांचे कागद वाचून. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये. विषय मात्र आपल्या पिंपरी-चिंचवडच्या जवळजवळ प्रत्येक घरापर्यंत येऊन पोचलेला आहे, एवढी खात्री देतो.

विषय असा. संगणक जुना झाला की त्याची ऑपरेटिंग सिस्टीम बदलावी लागते. ही सिस्टीम म्हणजे संगणकाचा कारभारी. खाली यंत्राचे लोखंड आणि वर कामाचे प्रोग्राम, या दोहोंच्या मध्ये तो बसलेला असतो. प्रोग्रामला कागद छापायचा असो, आकडे साठवायचे असोत की मोजमापाच्या यंत्राकडून माहिती घ्यायची असो, प्रत्येक वेळी त्याला या कारभाऱ्याकडेच मागणे घालावे लागते. कारभारी बदलला की जुने करारमदार तो मानीलच असे नाही. मग ज्या प्रोग्रामवर वर्षानुवर्षांचे संशोधन उभे असते, तो एके दिवशी सकाळी उघडतच नाही. असे होऊ न देता नवी सिस्टीम कशी आणावी, हा आजचा प्रश्न.

हा प्रश्न आमच्या पदरात कसा पडला, ते प्रथम सांगतो. २०१४ सालच्या दिवाळीची गोष्ट. चिंचवड-भोसरीच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात सुटे भाग तपासण्याची आणि सुधारण्याची एक लहान प्रयोगशाळा होती. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे गिअरचे दात किती ताण सोसून तुटतात, ते मोजण्याचा टेस्ट बेंच होता; त्याला विंडोज ९८ वर चालणारा एक जुना संगणक जोडलेला होता आणि त्यात मोजमाप घेणारे एक कार्ड होते. प्रोग्राम एका इंजिनिअरने लिहिलेला. तो इंजिनिअर केव्हाच नोकरी सोडून परदेशी गेलेला. दिवाळीच्या सुट्टीत ठेकेदाराची माणसे आली, सगळे जुने संगणक उचलून त्यांनी नवे मांडले, फायली नव्या डिस्कवर उतरविल्या आणि जुने डबे भंगारात दिले. सुट्टी संपून टेस्ट बेंचवरचा तंत्रज्ञ कामावर आला, तो अकरा वर्षांच्या चाचण्यांच्या फायली डोळ्यांसमोर, पण एकही उघडत नाही! आठ दिवसांनी त्याच्या हाती आरोपपत्र आले: कामात निष्काळजीपणा. तो आमचा सभासद होता. त्या चौकशीच्या निमित्ताने आम्ही हा विषय वाचू लागलो आणि वाचता वाचता ध्यानात आले की, ही गोष्ट चिंचवडची नव्हे, संगणकाच्या जन्मापासूनची आहे.

येथे एक जवळचा दाखला घेऊ. पुण्यास पेशवे दफ्तर आहे. तेथे मराठी राज्याच्या कारभाराचे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. त्यांतले बहुसंख्य मोडीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी आमच्या शाळांतून शिकवीत असत. पुढे ती बंद झाली. कागद जागच्या जागी राहिले, वाळवीपासूनही वाचविले गेले. पण वाचणारे भराभर कमी झाले. आज आपल्याच आजोबांचे खरेदीखत वाचून घेण्यासाठी मोडीचा जाणकार शोधत फिरावे लागते. आमच्या त्या तंत्रज्ञापुढे जे झाले, ते यापेक्षा निराळे नव्हते. फायली म्हणजे रुमाल आणि प्रोग्राम म्हणजे वाचणारा. ठेकेदाराने रुमाल जपले आणि वाचणाऱ्यास भंगारात दिले.

आता मूळ इतिहासाकडे वळू. भारतात पहिला अंकी संगणक आला तो १९५५ साली, कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत; तो इंग्लंडहून आणलेला होता. आपल्या महाराष्ट्रात मात्र त्याच सुमारास संगणक स्वतः बांधण्याचा उद्योग चालू झाला होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी हे काम अंगावर घेतले, आणि १९६० साली पूर्ण आकाराचे यंत्र कामाला लागले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. सुमारे २७०० निर्वात नळ्या, आणि स्मरणशक्ती केवळ २०४८ शब्दांची. प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आज खिशातल्या फोनपुढे हा आकडा हास्यास्पद वाटेल. परंतु ज्यांनी पूर्वी रकमा हाताने केल्या होत्या, त्या शास्त्रज्ञांना ते यंत्र कामधेनूसारखे वाटले असेल, यात शंका नाही.

टिफ्रॅकला आजच्यासारखा कारभारी नव्हता. यंत्राला कळणाऱ्या आकड्यांच्या भाषेतच त्याला आज्ञा द्याव्या लागत. प्रोग्राम त्या एका यंत्राशी असा बांधलेला असे की, त्याच्याबाहेर त्याला काही अर्थ नव्हता. पुढे १९६४ साली त्याच संस्थेत अमेरिकेतून सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. त्याला 'स्कोप' नावाची ऑपरेटिंग सिस्टीम होती, आणि फोरट्रान या भाषेत प्रोग्राम लिहिता येत असत. देशभरातले संशोधक आपापले काम घेऊन त्या यंत्राकडे येऊ लागले. पण टिफ्रॅकच्या आकडेभाषेतले प्रोग्राम त्या यंत्रावर जसेच्या तसे चालणे शक्यच नव्हते. ज्याला आपले गणित पुढे न्यायचे होते, त्याला ते नव्याने लिहिणे भाग होते.

आणि नुसते लिहून भागत नाही, हीही गोष्ट तेव्हापासूनचीच. टिफ्रॅकचा शब्द ४० बिटांचा, सीडीसीचा ४८ बिटांचा, आणि सत्तरीच्या दशकात मुंबईस त्याच आवारात डेक-१० हे यंत्र आले त्याचा ३६ बिटांचा. शब्दाची लांबी बदलली की अपूर्णांक कोठे तोडायचा ते बदलते, आणि लाखो बेरजा-गुणाकारांच्या शेवटी उत्तराचे शेवटचे आकडे बदलू शकतात. दुकानदाराच्या हिशेबात याने बिघडत नाही. संशोधकाला मात्र विचारावे लागते, की कालचे उत्तर खरे की आजचे? म्हणून जाणते लोक तेव्हापासून एक पथ्य पाळीत आले: जुन्या यंत्रावर ज्याचे उत्तर माहीत आहे, असे एखादे गणित नव्या यंत्रावर आधी करून पाहायचे आणि मगच पुढे जायचे.

आता थोडे समुद्रापलीकडे पाहू. अमेरिकेच्या आयबीएम कंपनीची १४०१ ही यंत्रे त्या काळी जगभर पसरलेली होती. आपल्या देशातही कित्येक कचेऱ्यांतून ती होती. ७ एप्रिल १९६४ रोजी कंपनीने सिस्टीम ३६० ही सर्वस्वी नवी यंत्रमालिका जाहीर केली. नवे यंत्र कितीही वेगवान असले, तरी गिऱ्हाइकाचा प्रश्न एकच होता: आमच्या जुन्या प्रोग्रामांचे काय? वर्षानुवर्षे पगार देऊन लिहून घेतलेले ते प्रोग्राम यंत्राच्या किमतीपेक्षा जड होऊन बसले होते. तेव्हा कंपनीने एक युक्ती केली. नव्या मालिकेतल्या काही यंत्रांत अशी सोय ठेवली की, आज्ञा मिळताच ते यंत्र १४०१ चे सोंग घेईल आणि जुने प्रोग्राम जसेच्या तसे चालवील. आमच्याकडे बहुरूपी दारात येतो आणि फौजदाराचा वेष घेऊन खऱ्या फौजदारासारखा दरडावतो, तशातला हा प्रकार. फरक इतकाच की, या बहुरूप्याकडून जुन्या प्रोग्रामला खरेच काम करून मिळते. नव्याच्या पोटात जुने संपूर्ण यंत्र जिवंत ठेवण्याची ही कल्पना पुढे वाढत गेली. आज जिला 'व्हर्च्युअल मशीन' म्हणतात, ती याच घराण्यातली.

आपल्या देशाचा इतिहास आणखी एका वळणाने गेला. १९७३ च्या परकीय चलन कायद्याखाली आयबीएमला आपली येथील मालकी कमी करावयास सांगण्यात आले. कंपनीने ते मानले नाही आणि १९७८ साली ती भारतातून निघून गेली. यंत्रे येथेच राहिली. कारखान्यांचे पगारपत्रक, रेल्वेचे हिशेब, संशोधकांची गणिते, सारे त्यांच्यावर अवलंबून! सरकारने काही वर्षांपूर्वी काढलेल्या कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशनने ही यंत्रे सांभाळण्याचे काम उचलले. ज्या कंपनीने यंत्र घडविले तीच उद्या नसेल, हा धडा आपण १९७८ सालीच शिकलो होतो. तो आपण विसरलो, एवढेच.

श्रोतेहो, येथे आम्हाला आमच्या स्वतःच्या चळवळीविषयीही चार शब्द बोलले पाहिजेत; नाही तर हा इतिहास एकतर्फी होईल. संगणक येऊ लागले तेव्हा कामगार संघटनांनी त्यांना विरोध केला. आयुर्विमा महामंडळातला लढा, विशेषतः कलकत्त्याचा, प्रसिद्ध आहे. १९६९ साली केंद्र सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर, अहवाल १९७२ साली झाला. बँकांत तर १९८३ साली करार होऊन मगच मर्यादित प्रमाणात यंत्रे आली. त्या विरोधाला कारण होते. यंत्र आल्याने किती हात रिकामे होणार, हा प्रश्न खरा होता आणि आजही खरा आहे. पण आमच्या आधीच्या पिढीने आणि आम्हीही एक प्रश्न विचारावयाचा राहून गेला. यंत्र आल्यावर त्याच्याभोवती कामगाराची जी नवी विद्या जमा होते, ती पुढच्या बदलाच्या वेळी कोण जपणार? यंत्र येते तेव्हा आम्ही दारात उभे असतो. यंत्र जाते तेव्हा तिकडे कोणाचे लक्ष नसते. चिंचवडच्या त्या दिवाळीत आमचेही नव्हते.

आता घराजवळ येऊ. १९८८ साली पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तिने 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. तो ट्रान्सप्यूटर नावाच्या इंग्रजी बनावटीच्या चिपांवर बांधलेला होता. काही वर्षांतच त्या चिपांचा जमाना संपला, आणि १९९८ चा 'परम १००००' सर्वस्वी वेगळ्या प्रोसेसरांवर उभा राहिला. दहा वर्षांच्या आत पायाच बदलला! त्या बदलात जे प्रोग्राम फोरट्रान किंवा सी अशा सर्वत्र चालणाऱ्या भाषेत लिहिलेले होते, त्यांना पुढे नेणे सोपे. जे त्या एका चिपेच्या लकबींवर विसंबून होते, त्यांना अवघड. टिफ्रॅकचाच धडा तीस वर्षांनी पुन्हा.

याहून चांगला नमुना आपल्या नाशिक रस्त्यावरच आहे. चाकण, राजगुरुनगर, मंचर ओलांडून नारायणगावास गेले, की जवळच खोडद येथे जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांपैकी १४ मध्यभागी दाटीने आणि १६ तीन भुजांवर दूरवर, असा सुमारे २५ किलोमीटरांचा पसारा. आमच्यापैकी पुष्कळांनी विज्ञान दिनाच्या सुमारास मुलाबाळांना घेऊन जाऊन ती पाहिली असेल. आकाशातून येणारे क्षीण संदेश सगळ्या तबकड्यांनी मिळून टिपायचे आणि त्यांचा मेळ घालायचा, हे तेथले काम. तबकड्या लोखंडाच्या, पण त्यांतून चित्र निघते ते संगणकातून.

या दुर्बिणीत दोनदा मोठे बदल झाले. आधी मेळ घालण्याचे काम खास बनविलेल्या चिपांची यंत्रणा करीत असे. सुमारे २०१० च्या आसपास ते काम लिनक्स सिस्टीमवर चालणाऱ्या साध्या संगणकांच्या ताफ्याकडे आणि त्यांवरच्या सॉफ्टवेअरकडे दिले गेले. त्यानंतरच्या दशकात सबंध दुर्बिणीचीच सुधारणा झाली. एका वेळी पूर्वी ३२ मेगाहर्ट्‌झचा पट्टा घेता येई, तो ४०० पर्यंत वाढला. यातली आमच्या दृष्टीने मोलाची गोष्ट अशी की, नवी यंत्रणा बसवीत असताना जुनी मोडली नाही. जुनी आणि नवी बरोबरीने उभ्या राहिल्या; निरीक्षणे चालू राहिली आणि दोहोंची उत्तरे ताडून पाहता आली. चालत्या गाडीचे चाक बदलणे म्हणतात, ते हे.

तेथले संशोधक आकडे सोडविण्यासाठी ज्या प्रोग्रामांवर विसंबून राहिले, त्यांत 'एप्स' नावाचा एक जुना अमेरिकन प्रोग्राम आहे. त्याचे काम १९७८ साली सुरू झाले, म्हणजे आयबीएम आपल्याकडून गेली त्याच वर्षी! व्हॅक्स यंत्रांचा जमाना आला आणि गेला, युनिक्सच्या नाना जाती आल्या, शेवटी लिनक्स आले. हा प्रोग्राम प्रत्येक बदलातून पार झाला. का? लिहिणाऱ्यांनी पहिल्यापासून एक शिस्त ठेवली. यंत्राशी आणि ऑपरेटिंग सिस्टीमशी बोलणारे जेवढे तुकडे आहेत, ते सगळे वेगळे काढून त्यांची नावे 'झेड' या अक्षराने सुरू केली. बाकीच्या हजारो ओळींना खाली कोणते यंत्र आहे याचा पत्ताच नसतो. नवा कारभारी आला की फक्त झेडचे तुकडे नव्याने लिहायचे. विद्या जशीच्या तशी.

दुसरी शिस्त फायलींची. खगोलशास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमारास आकडे साठविण्याची एक सामाईक पद्धत ठरविली. तिला 'फिट्स' म्हणतात. फाइलच्या माथ्यावर साध्या अक्षरांत लिहिलेले असते की, आत काय आहे, कोणत्या दुर्बिणीचे, कोणत्या तारखेचे. आणि या पद्धतीचा नियम असा आहे की, एकदा नियमात बसलेली फाइल पुढे कोणत्याही सुधारणेने बेकायदा ठरवावयाची नाही. हे वाचले तेव्हा आम्हाला फार आनंद झाला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात पुढे एक कलम घातलेले होते: कारखाना एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला आणि कामगारांची नुकसानभरपाई चुकवावयाची असेल, तर त्यांची सेवा अखंड धरली पाहिजे आणि अटी पूर्वीपेक्षा कमी असता कामा नयेत. त्यालाच आम्ही सेवासातत्य म्हणतो. ज्या गोष्टीसाठी आम्ही न्यायालयांचे उंबरठे झिजविले, ती आकाशाचा अभ्यास करणाऱ्यांनी आपल्या फायलींना देऊन टाकली होती!

खोडदच्या या शिस्तीपासून आपल्या कारखान्यांकडे आले म्हणजे चित्र पालटते. आपल्या पट्ट्यात पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना पन्नाशीच्या दशकात उभा राहिला, साठीच्या दशकात मोटारींचे आणि स्कूटरींचे कारखाने आले, आणि या शतकाच्या आरंभी चाकणचे माळरान शेडांनी भरून गेले. या सगळ्या ठिकाणी नव्वदीच्या दशकात तपासणीची यंत्रे संगणकाला जोडली गेली: धातूचा कस सांगणारी, मिलिमीटरचा हजारावा भाग मोजणारी, इंजिनाचा कंप ऐकणारी. प्रोग्राम डॉसवर किंवा सुरुवातीच्या विंडोजवर लिहिलेले. मोजमापाचे कार्ड त्या काळच्या लांबट खाचेत बसणारे. आणि चोरी होऊ नये म्हणून प्रिंटरच्या जागी लावायची एक किल्ली, जिला डोंगल म्हणतात. या तिन्ही गोष्टींचे पुढे काय झाले? नव्या संगणकांतून ती लांब खाच गेली. प्रिंटरची ती जागाही गेली. आणि ६४ बिटांच्या विंडोजने १६ बिटांचे जुने प्रोग्राम चालविण्याचे नाकारले. म्हणजे कारभारी, दार आणि कुलूप, तिन्ही बदलले!

मग सिस्टीम बदलूच नये, असे कोणी म्हणेल. पुष्कळ कारखान्यांनी तसे केलेही. पण तोही मार्ग सुखाचा नाही. विंडोज एक्सपीची देखभाल कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. देखभाल थांबली की भोके बुजविणारे कोणी नाही. जून २०१७ मध्ये जगभर जो संगणकी हल्ला झाला, त्याने आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले आणि कंटेनरांच्या रांगा लागल्या. जुने दार उघडे टाकून झोपणे परवडत नाही. सबब बदल अटळ आहे. प्रश्न उरतो तो बदलाच्या रीतीचा.

आता आमच्या त्या चौकशीचे पुढे काय झाले, ते सांगतो. चौकशी अधिकाऱ्यापुढे आम्ही तीन प्रश्न ठेवले. बदल होणार हे या तंत्रज्ञाला कोणी कळविले होते काय? त्या संगणकावर कोणते प्रोग्राम आहेत, याची यादी कोणी केली होती काय? जुना डबा भंगारात देण्यापूर्वी नव्यावर एक तरी जुनी फाइल उघडून पाहिली होती काय? तिन्ही प्रश्नांना उत्तर 'नाही' असे आले. दरम्यान तो तंत्रज्ञ आणि आमची दोन मुले कुदळवाडीत गेली. त्या वेळी तेथे भंगाराच्या वखारी ओळीने होत्या. तीन दिवस शोध घेऊन त्यांना तो डबा सापडला. कडेला त्या तंत्रज्ञाने स्वतः लावलेली हिरवी पट्टी होती, तीवरून ओळखला. डिस्क शाबूत होती. मोजमापाचे कार्ड मात्र कोणी उपसून नेलेले.

आमच्या एका सभासदाचा मुलगा संगणकाचे शिक्षण घेत होता. त्याने त्या डिस्कची हुबेहूब प्रत काढली आणि नव्या संगणकाच्या पोटात एक व्हर्च्युअल मशीन करून तीत विंडोज ९८ सगळे जसेच्या तसे उभे केले. प्रोग्राम उघडला. अकरा वर्षांच्या चाचण्या वाचता आल्या. हा माणूस, जो चौकशीच्या खोलीत एक शब्द बोलत नव्हता, तो त्या पडद्यापुढे बसून चाचण्यांचे क्रमांक मोठ्याने वाचीत राहिला. आरोपपत्र मागे घेतले गेले. परंतु सगळे परत आले असे आम्ही म्हणणार नाही. कार्ड गेले ते गेलेच. नवे कार्ड आणून जुन्या मापांशी त्याचा मेळ घालण्यात तीन महिने गेले, आणि दिवाळीपूर्वी अर्धवट राहिलेली एक चाचणी पहिल्यापासून करावी लागली. व्हर्च्युअल मशीन जुन्या फायली वाचून देते; जुन्या खाचेतले कार्ड ती निर्माण करू शकत नाही, हे त्या वेळी शिकलो.

या अनुभवावरून आणि वर सांगितलेल्या इतिहासावरून आम्ही आमच्या सभासदांसाठी काही नियम केले आहेत. घरी जुना संगणक सांभाळणाऱ्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांनाही ते उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट मोजदाद. सिस्टीमला हात लावण्यापूर्वी प्रत्येक प्रोग्राम, त्याची आवृत्ती, त्याची किल्ली, परवान्याचा कागद, त्याला लागणारे कार्ड, आणि तो कोण चालवितो, हे एका वहीत उतरवावे. वही कागदाची असावी. दुसरी गोष्ट प्रत. नुसत्या फायली उतरवून भागत नाही, सबंध डिस्कची हुबेहूब प्रत काढावी. एक नव्हे, दोन. आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी. प्रत काढली म्हणजे झाले असेही नाही. ती दुसरीकडे उभी करून चालते की नाही, हे पाहावे. तिसरी गोष्ट, आकडे फक्त त्या प्रोग्रामलाच कळतील अशा रूपात कोंडून ठेवू नयेत. जुना प्रोग्राम चालतो आहे तोवरच साध्या अक्षरांच्या फायलींत ते बाहेर काढावेत आणि माथ्यावर कोणता रकाना कशाचा, माप कोणते, हे लिहावे. मोडीचा जाणकार हयात आहे तोवर लिप्यंतर करून घ्यावे, तसेच हे.

चौथी गोष्ट, जुने आणि नवे काही काळ शेजारी चालवावे. एकच जुनी चाचणी दोहोंवर सोडवावी आणि उत्तरे ताडून पाहावी. जुने प्रोसेसर मधल्या पायऱ्यांचे आकडे पुष्कळदा ८० बिटांत धरीत, नवे बहुधा ६४ बिटांत धरतात. तेव्हा शेवटच्या आकड्यांत फरक पडला तर घाबरू नये, पण तो किती आणि कशामुळे, हे लिहून ठेवल्याखेरीज पुढेही जाऊ नये. पाचवी गोष्ट, ज्या जुन्या संगणकाला त्याच्या कार्डामुळे ठेवणेच भाग आहे, त्याला इंटरनेटपासून आणि कारखान्याच्या जाळ्यापासून तोडावे, आणि तसाच दुसरा डबा व कार्ड भंगारात न देता कपाटात ठेवावे.

आणि शेवटची गोष्ट माणसाची. त्या प्रोग्रामपुढे रोज बसणाऱ्या माणसाला बदलाच्या बैठकीत बसवावे. कोणते बटण दोनदा दाबावे लागते, कोणता आकडा खोटा येतो आणि तो का सोडून द्यावा, हे कोणत्याही पुस्तकात नसते. ते त्याच्या हातात असते. तो निवृत्त होण्यापूर्वी त्याच्याकडून ते वहीत उतरवून घ्यावे, आणि त्या वहीवर त्याचे नाव असावे. आमच्या मागणीपत्रांत आम्ही आता पगार आणि बोनस यांच्याबरोबर हेही कलम घालतो. काही ठिकाणी ते मान्य झाले, काही ठिकाणी हसण्यावारी नेले गेले. जेथे हसण्यावारी नेले, तेथे आम्ही ते पुन्हा घालतो.

टिफ्रॅकच्या नळ्यांपासून खोडदच्या तबकड्यांपर्यंत जो इतिहास आम्ही आपणांपुढे ठेवला, त्यात यंत्रे सारखी बदलत गेली आणि ती बदलणारच. ज्यांनी बदलापूर्वी विचारपूस केली, त्यांची विद्या सलग राहिली. ज्यांनी सुट्टीच्या दिवशी गुपचूप बदल केला, त्यांना ती कुदळवाडीत शोधावी लागली. तो तंत्रज्ञ २०१९ साली निवृत्त झाला. त्याच्या हिरव्या पट्टीचा तो डबा आमच्या कचेरीत कपाटावर ठेवलेला आहे. आमच्याकडे येणारी तरुण मुले तो कशाला ठेवला म्हणून विचारतात, तेव्हा आम्ही त्यांना हीच हकीकत सांगतो.